बरा झालेला पाय

कोंबडीचा पाय हातात घेण्याआधी थेल्मा एंटविसल आपले दोन्ही हात किटलीला लावून ऊबदार करून घ्यायची. गार हात लागला की कोंबडी पाय झटकते, आणि झटकला की मोडलेलं हाड आणखी सरकतं. ही सवय तिला कोंबड्यांनी लावली नव्हती. ती लागली होती धक्क्यावरच्या थिएटरात, समुद्रात दूरवर गेलेल्या त्या लाकडी धक्क्याच्या अगदी टोकाला, जिथे दर उन्हाळ्यात नाचगाण्यांचा खेळ लागायचा आणि थेल्मा कपडेपटात असायची. बाहेर वाद्यवृंद वाजत असे, फळ्यांखालून भरतीचं पाणी आपटत असे, आणि विंगेतल्या अंधारात एखादी पोरगी मुरगळलेला घोटा पुढे करून उभी असे, डोळ्यांत पाणी आणि डोक्यावर दीड हात उंच पिसं. थेल्मा गुडघ्यावर बसायची, तोंडातल्या टाचण्या बाजूला काढून ठेवायची आणि पट्टी बांधायची. घट्ट, पण रक्त अडणार नाही इतपत. पोरगी एन्ट्रीला हजर. टाळ्या तिला मिळायच्या. थेल्मा त्या विंगेतून ऐकायची आणि त्यातल्या थोड्या आपल्या म्हणून ठेवून घ्यायची.

थिएटर बंद झालं, नवरा गेला, आणि थेल्मा इंग्लंडातल्या लँकेशरच्या त्याच किनाऱ्यावर, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांपैकी एका घरात राहिली. मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. त्या ओळीत जवळजवळ सगळ्यांनीच पाळल्या होत्या. वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी, चर्चच्या सभागृहामागे एक टेम्पो येऊन उभा राहायचा. अंड्यांच्या कारखान्यातल्या, पिंजऱ्यातच जन्म काढलेल्या, अंडी कमी झाली म्हणून कत्तलखान्याकडे निघालेल्या कोंबड्या त्यात असायच्या. ज्याला हव्या त्यानं खोका घेऊन यायचं आणि घरी न्यायच्या. अर्ध्या बोडक्या, पांढऱ्याफटक तुऱ्याच्या त्या बाया आयुष्यात कधी चाललेल्या नसत. हाडं खडूसारखी. पहिल्या आठवड्यात त्यांतली कोणी ना कोणी दांडीवरून उडी मारायची आणि पाय मोडून घ्यायची.

मग थेल्माच्या मागच्या दारावर टकटक व्हायची. टॉवेलात गुंडाळलेली कोंबडी, फक्त डोकं बाहेर. थेल्मा हात गरम करायची. कापूस, आइस्क्रीमच्या दोन काड्या, वरून ताणाची पट्टी. गल्लीतले लोक उन्हाळाभर काड्या चाटूनपुसून तिच्यासाठी ठेवत. फी म्हणून लाल कोबीच्या लोणच्याची बाटली मिळाली तर मिळाली. पण कोंबडी चालायला लागली की लोक तिला कुंपणावरून उचलून दाखवायचे, "थेल्मा, बघ गं तुझी नाचणारी." तेवढं तिला पुरायचं.

आणि मग ग्वेन आली.

ग्वेन वेल्सची. औषधांच्या दुकानातली तिची काउंटरवरची नोकरी संपली होती, आणि समुद्राची हवा मानवते म्हणून तिनं दोन घरं सोडून पलीकडचं घर घेतलं. सोबत कोंबड्या आणल्या, त्यांत एकही धड नव्हती. एकीची मान वाकडी, एक गोल गोल फिरणारी, एक कायम मागे मागे चालणारी. मान फिरलेली कोंबडी आली की थेल्मा आजवर नुसती नकारार्थी डोकं हलवायची; पायाचं बघते, डोक्याचं नाही, असं तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ग्वेन नेमकं डोक्याचंच बघायची. तिनं घडीच्या खुर्चीच्या कापडाला दोन भोकं पाडून एक झोळी केली होती. तीत कोंबडी बसवायची, पाय भोकांतून खाली, जमिनीला जेमतेम टेकतील असे, पुढ्यात पाण्याची वाटी. आणि चोचीच्या कडेनं थेंब थेंब जीवनसत्त्वं सोडायची. तिच्याकडे आलेली एक कोंबडी, जिचं डोकं पायांच्या मधून मागे बघत होतं, ती थोड्याच दिवसांत सरळ मानेनं गल्ली ओलांडून गेली. ती बातमी ब्रेडच्या दुकानात थेल्माच्या आधी पोचली होती.

थेल्मानं तिथल्या तिथे सांगून टाकलं की झोपाळ्यात बसवलं तर कुणालाही बरं वाटेल, तिथे कोंबड्या बऱ्या होत नाहीत, सुट्टीवर जातात. लोक हसले. पण हसून झाल्यावर आपापल्या कोंबड्या घेऊन ग्वेनकडेच गेले, पायाच्यासुद्धा. थेल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहायची. मागच्या गल्लीतून कोणी टॉवेलात कोंबडी घेऊन चाललं की ते आपल्या दाराशी थांबतं का बघायची. टॉवेल पुढे जायचा. टॉवेलाचा रंगसुद्धा तिला पाठ असायचा, आणि रात्री जेवतानाही तो आठवायचा.

हेही तिनं सोसलं असतं. सोसलं नाही ते आयरिसचं.

आयरिस धक्क्यावरच्या खेळात डावीकडून तिसरी असायची. लांब पाय, विसरभोळी, स्टेजवर चूक झाली तर इतकं गोड हसायची की मॅनेजर तिला ओरडायचं विसरायचा. थेल्मानं तिचा डावा घोटा इतक्यांदा बांधला होता की तो तिला स्वतःच्या मनगटापेक्षा जास्त ओळखीचा. खेळ संपले, मैत्री राहिली. दुपारचा चहा थेल्माकडे, हे ठरलेलं होतं. आयरिसच्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा तो चुकला नव्हता. आता आयरिस आठवड्यातून दोनदा ग्वेनकडे जाऊ लागली. ग्वेन चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव करायची. आयरिस तो पाव थेल्माच्या टेबलाशी बसून वाखाणायची, कसा ओलसर, कसा लोणी लावल्यावर, आणि थेल्माचं बिस्किट हातातच धरून ठेवायची. मनुका भिजल्या की ओलसर होणारच, थेल्मा म्हणायची, त्यात वेल्सचं काय डोकं लागलं.

अशात आयरिसच्या मेबल नावाच्या कोंबडीचा पाय कुंपणाच्या जाळीत अडकून मोडला.

आयरिस मागच्या दाराशी उभी होती, गवताचे डाग पडलेल्या झग्यात, टॉवेल छातीशी धरून. थेल्माला असा आनंद झाला की त्याची तिला लाजच वाटली. तिनं किटली चढवली, हात गरम केले. आयरिसनं कोंबडीला काखेत धरलं, तिच्या डोळ्यांवर रुमाल टाकला. पंज्याच्या वरचं हाड तुटलं होतं, पण कातडी शाबूत होती. थेल्मानं ते सरळ केलं, कापूस लावला, काड्या बसवल्या. पट्टीचे वेढे एकावर एक अर्धे अर्धे चढवत गेली. कोंबडीनं हूं की चूं केलं नाही. आयरिस म्हणाली की असे हात दुसऱ्या कुणाचे नाहीत. थेल्मा वर बघणार, तेवढ्यात आयरिस सहज बोलून गेली, "ग्वेनचं दार दोनदा वाजवलं गं, ती बहिणीकडे गेलीय."

थेल्माचे हात थांबले नाहीत. इतकी वर्षं विंगेत काढल्यावर हात थांबत नाहीत. तिनं शेवटचा वेढा घातला, टोक चिकटवलं, आणि म्हणाली की हिला हलवता येणार नाही, इथेच ठेवावी लागेल. माझ्या स्वयंपाकघरात.

खरं तर आजारी कोंबडीला इतरांच्या नजरेआड करू नये, हे त्या ओळीत सगळ्यांना माहीत होतं. जाळीचा पिंजरा करून तिला तिच्याच खुराड्यात ठेवायची, म्हणजे बाकीच्या तिला रोज बघतात, विसरत नाहीत. थेल्मानं स्वतःच हे लोकांना शंभरदा सांगितलं असेल. पण खुराड्यात बसून कोणी चहा पीत नाही.

मेबल चुलीशेजारच्या लाकडी खोक्यात राहिली आणि आयरिस रोज दुपारी येऊ लागली. ते दिवस थेल्माला जुन्या सीझनसारखे वाटले. आयरिस खुर्ची खोक्याशी ओढून बसायची, चहात पाव भिजवून मेबलला भरवायची. कधी तांदळाची खीर, कधी केकचा चुरा. घरातलं उष्टं कोंबड्यांना घालू नये असा देशात कायदा आहे. तो सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे घालतात. मेबल चटावली. दाण्याला तोंड लावेना. थेल्मा दाण्याची वाटी तशीच्या तशी उचलून ठेवायची आणि आयरिससाठी नवीन पाव कापायची. मग गोष्टी निघायच्या. ती पावसाळी मॅटिनी, जेव्हा छत गळलं आणि सहा जणींची पिसं भिजून मानेवर आली, आणि थेल्मानं मध्यंतरात त्या पिसांना धक्क्यावरच्या उपाहारगृहात पावाच्या भट्टीपुढे धरून वाळवलं, दुसऱ्या अंकात सगळ्या स्टेजला टोस्टचा वास. आयरिस हसता हसता डोळे पुसायची. त्या काळात ती ग्वेनकडे एकदाही गेली नाही. थेल्मा हे मोजत नव्हती, असं ती स्वतःला सांगायची.

हाड जुळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. एका सकाळी थेल्मानं पट्टी सोडली. बोटांखाली टणक गाठ लागली, हाड सांधल्याची. तिनं मेबलला जमिनीवर ठेवलं. मेबलनं पाय टेकला, उचलला, परत टेकला, आणि लंगडत का होईना टेबलाच्या पायापर्यंत चालत गेली. नवी पोरगी पहिल्यांदा पूर्ण स्टेज ओलांडते तशी.

थेल्मा तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं आयरिसच्या खुर्चीकडे बघितलं, जी आता भिंतीशी परत नेलीच जात नव्हती.

तिनं हात गरम केले, मेबलला उचललं आणि पट्टी पुन्हा बांधली. काड्यांसकट.

दुपारी तिनं आयरिसला सांगितलं की अजून आठवडाभर तरी लागेल, हाड नाजूक आहे, पिंजऱ्यातली कोंबडी ती. आयरिसनं मान डोलावली आणि पाव भिजवायला घेतला. पुढच्या आठवड्यात थेल्मानं पुन्हा तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात सांगायची वेळ आली नाही, कारण मेबलनं उठायचंच सोडलं. मोकळ्या पायाची बोटं आत वळली, मुठीसारखी. मग मान हळूहळू मागे ओढली जाऊ लागली, चोच छताकडे, जणू गॅलरीत बसलेल्या कुणाला शोधते आहे.

"ग्वेनला दाखवूया का?" आयरिस म्हणाली.

"थकलीय ती."

"थकल्यावर मान अशी होते?"

"पाय माझ्या हातात दिलास ना, मग मानही माझ्याच हातात राहू दे," थेल्मा म्हणाली, आणि किटलीचं झाकण इतक्या जोरात बसवलं की मेबल दचकून कुशीवर पडली. आयरिसनं तिला सरळ केलं. त्या दुपारी आयरिस चहा अर्धा टाकून गेली.

सकाळी मेबल पाठीवर पडलेली होती, पाय हवेत, डोकं पाठीला टेकलेलं. पाणी प्यायला जात होती आणि चोच भलतीकडेच जात होती. थेल्मानं चमच्यानं पाजायचा प्रयत्न केला, पाणी नाकातून आलं. तिनं तिला ॲप्रनमध्ये धरलं. एवढासा जीव तो, आणि आत हृदय घड्याळाची स्प्रिंग सुटल्यासारखं धावत होतं. थेल्माच्या मनात त्या क्षणीसुद्धा पहिला विचार आला तो हाच, की ग्वेनच्या दाराशी आपल्याला बघून ती बाई काय म्हणेल. दुसरा विचार आला की ही मेली तर आयरिस परत या स्वयंपाकघरात बसणार नाही. कोंबडीचा विचार तिसरा. हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही, पण स्वतःशी नाकारलंही नाही.

ती मागच्या गल्लीतून गेली. टॉवेलाचा रंग हिरवा.

ग्वेननं दार उघडलं, टॉवेलाकडे बघितलं. किटली बाजूला सारून टेबल मोकळं केलं. झोळीत एक वाकडी कोंबडी बसली होती, तिला उचलून खाली ठेवलं. मग तिनं विचारलं की ही खात काय होती.

थेल्मानं सांगितलं. पाव, चहा, खीर, केक.

"दाणे?"

"नाही."

ग्वेननं ओठ आवळले. कपाटातून बाटली काढली आणि सांगितलं की ब जीवनसत्त्व पार संपलं असावं, मान आणि बोटं दोन्ही त्यानंच गेली असावीत. बहुतेक परत येतील, पण वेळ घालवायला नको होता. मग तिनं पट्टीला हात घातला. थेल्माला वाटलं, नको म्हणावं. आयरिस दारात येऊन उभी होती. थेल्माचं घर उघडं टाकलेलं बघून ती माग काढत आली होती.

पट्टी सुटली. आतला पाय काडीसारखा बारीक झाला होता, सांधा ताठ. ग्वेननं गाठीवर अंगठा फिरवला.

"हाड तर केव्हाच जुळलंय, मिसेस एंटविसल."

"माहीत आहे. मीच परत बांधलं," थेल्मा म्हणाली.

आयरिस आत आली. "का?"

थेल्मानं तिच्याकडे बघितलं नाही. ग्वेनच्या टेबलावर मनुकांचा पाव होता, कापलेला, वर पातळ फडकं. ती त्या पावाशीच बोलली. "पाय सुटला असता तर तू इकडे आली असतीस."



"मला ठाऊक होतं," आयरिस रागानं म्हणाली. "तू किटली भरायला गेलीस तेव्हा मी पट्टीवरून दाबून बघितलं. आयुष्यभर माझा घोटा तू बांधलास. दुखरा पाय कुठला आणि बरा कुठला, मला कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"चहा छान चालला होता."

ग्वेननं बाटलीचं बूच काढलं. "कोंबडीला मात्र कुणी विचारलं नाही," ती म्हणाली. "एकीनं डोकं धरा. नीट, वर. दुसरीनं सोडा. एकेक थेंब, चोचीच्या कडेनं, गिळल्याशिवाय पुढचा नाही. मी सांगते तसं."

थेल्मानं डोकं धरलं. आयरिसनं थेंब सोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मेबलची मान सरळ झाली. बोटं उघडायला जास्त वेळ लागला, आणि सांधा पूर्ण कधीच वळला नाही. ग्वेन तो रोज कोमट पाण्यात धरून हलवायची. पण मेबल चालू लागली. मग आयरिसनं तिला घरी नेलं, खुराड्यातल्या तिच्या तीन जुन्या मैत्रिणींत सोडलं, आणि त्या तिघींनी तिला ओळखच दिली नाही. कोण ही परकी, म्हणून तुऱ्याला धरलं. आयरिस झाडू घेऊन मध्ये पडली तोवर तुरा रक्तानं माखला होता. दोनदा सोडून बघितलं, दोन्ही वेळा तेच. शेवटी मेबल कायमची ग्वेनकडे गेली, त्या वाकड्यातिकड्यांच्या मेळ्यात, जिथे कोणी कुणाला चोच मारत नव्हतं, कारण मारायला गेलं तर स्वतःच पडायचं.

आणि आयरिस रोज दुपारी मेबलला भेटायला ग्वेनकडे जाऊ लागली. आठवड्यातून दोनदा नव्हे, रोज.

थेल्मा काही दिवस घरीच बसली. एकटीसाठी चहा केला, भिंतीशी परत नेलेली खुर्ची बघितली. हे आपणच आपल्या हातानं बांधलं, वेढ्यावर वेढा, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि त्यानं मत्सर जराही कमी होत नव्हता. उलट आता त्याचा दोष द्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. एका दुपारी तिनं केस विंचरले, लिपस्टिक लावली आणि गल्लीतून गेली.

ग्वेनच्या टेबलाशी तिसरी खुर्ची होती. आधीपासून मांडलेली की आत्ता ओढली, हे थेल्मानं विचारलं नाही. पाव पुढे आला. ओलसर होता. तिनं एकच घास खाल्ला आणि मनुका जरा जास्त झाल्यात असं सांगितलं. आयरिस हसली. ते हसू आपल्यासाठी की ग्वेनकडे बघून, हे थेल्मा ताडत राहिली. मेबल तिच्या बुटावरून लंगडत गेली, थांबली नाही.

ग्वेन नव्यानं आलेल्या एका कोंबडीचा पाय बांधत होती. पाऊल मोडलेलं, मालकीण दाराशी वाट बघत. ग्वेनचे वेढे खालून सैल आणि वरून घट्ट जात होते. थेल्मानं डोळे पावावर ठेवले. मग खिडकीवर. मग आयरिसवर, जी तोंडावर हात धरून हसू दाबत बसली होती.

"दे इकडे," थेल्मा म्हणाली. "अशानं बोटं निळी पडतील तिची."

ग्वेननं पट्टी तिच्या हातात दिली. थेल्मानं आपले हात ग्वेनच्या किटलीला लावले. मग सगळं सोडून पहिल्यापासून बांधलं, अर्धा वेढा वेढ्यावर, बोटं मोकळी. आयरिसनं रुमाल धरला होता, कोंबडीच्या डोळ्यांवर, न सांगता.

"हे कधी सोडायचं?" ग्वेननं विचारलं. विचारताना तिनं थेल्माकडे बघितलं नाही, ती बाटल्या लावत होती.

थेल्मानं पट्टीचं टोक चिकटवलं. "वीसेक दिवस. त्यानंतरच्या शुक्रवारी," ती म्हणाली. "मी येईन सोडायला."

त्या शुक्रवारी थेल्मा आली; मालकिणीनं कोंबडी आधीच आणून ठेवली होती. आयरिस उशिरा येणार होती; ती येईपर्यंत पट्टी सोडायचं लांबवलं असतं तर पावही उशिरा कापला गेला असता आणि तिच्यासोबतची दुपार लांबली असती. थेल्मानं वाट बघितली नाही. टेबलाशी बसली, काड्या काढल्या, कापूस काढला, कोंबडीला जमिनीवर ठेवलं आणि दार उघडून अंगणात जाऊ दिलं.